घरचे आरोग्य : वातावरची चिनी मुळी



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकच विचारणा निरनिराळ्या तोंडांनी येत आहे. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या एका बहिणीने लिहून विचारले, सातपूरच्या एका कामगार बांधवाने आईसाठी विचारले, देवळाली गावातून एका सुनेने सासूबाईंसाठी फोन केला. प्रश्न असा : "चीनमध्ये वातावर एक मुळी निघाली आहे, ती घेतली की बोटे सरळ होतात आणि इंग्रजी गोळ्या कायमच्या सुटतात, हे खरे का?" कोणाला मोबाईलवर निरोप आला होता, कोणाला बाजारात पुडी दाखवली गेली, कोणाच्या भावकीत म्हणे गुण आला होता.

थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. मुळी खरी आहे, खोटी नाही. तिने गुण येतो हेही तपासून पाहिलेले आहे. पण ती सुंठ-हळदीसारखी नव्हे, चांगली जहाल आहे. त्यामुळे कोणी अनोळखी माणसाने पुडीत बांधून दिलेली ती घेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आता हे का, ते सविस्तर सांगतो, कारण नुसते "घेऊ नका" म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही आणि सांधे दुखतच राहतात.

सर्वांत आधी 'वात' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे गुडघा धरला तरी वात, कंबर धरली तरी वात, हाताला मुंग्या आल्या तरी वातच. औषध मात्र प्रत्येकाचे वेगळे. पन्नाशी-साठीनंतर गुडघ्याची कूर्चा झिजते, जिना चढताना कळ येते, बसले की बरे वाटते. हा झिजेचा संधिवात. आपल्या आजीला असतो तो बहुधा हाच. दुसरा प्रकार आहे तो आमवात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. तो पुष्कळदा तिशी-चाळिशीतच गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटीने अधिक होतो. सकाळी उठावे तर बोटे आखडलेली, मूठ वळत नाही, तांब्या धरवत नाही, पोळपाटावर लाटणे फिरत नाही. तासाभराने, ऊन वर आल्यावर, हात हळूहळू मोकळे होतात. दोन्ही हातांचे सारखेच सांधे सुजतात : बोटांची मधली पेरे, बोटांच्या मुळाचे सांधे, मनगटे. पायाची बोटेही तशीच. अंगात कणकण, भूक मंद आणि कशातच जीव लागत नाही असा थकवा. आज आपण बोलतो आहोत ते या दुसऱ्या दुखण्याबद्दल.

या रोगात होते असे की जंतूंशी लढण्यासाठी शरीरात असलेली शक्ती वाट चुकते आणि आपल्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारचे हाड कुरतडू लागते. हे कुरतडणे पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा गेलेले हाड कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून या रोगात "आधी झाडपाला करून पाहू, नाही जमले तर डॉक्टरकडे जाऊ" हा हिशेब महागात पडतो. त्या पाहण्यात वर्ष-दीड वर्ष जाते आणि तेच वर्ष मोलाचे असते. ज्या बाईची मिळकत दिवसाला किती विड्या वळल्या यावर आहे, जी निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत विरळणीला जाते, जो बांधव अंबडच्या कारखान्यात मशीनवर उभा असतो, त्याचा हात गेला म्हणजे रोज गेला.

हा रोग किती लोकांना असतो? पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेच्या डॉक्टरांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारले गेले. शंभरांत अठराएक जणांना हाडा-सांध्याचे काही ना काही दुखणे निघाले. खरा आमवात मात्र साधारण दोनशेत एकाला होता. याचा अर्थ असा की "वात आहे" म्हणणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना आमवात नसतोच. मग त्यांना कोणी चिनी मुळी दिली आणि बरे वाटले, तर ते ज्या रोगावरचे औषध म्हणून सांगितले त्या रोगाचे नव्हेच! भावकीतल्या गुणाची गोष्ट ऐकताना हे एवढे ध्यानात ठेवावे.

आता चीनकडे वळू. चीन आणि डॉक्टर हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिकडेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. शांतारामबापूंचा सिनेमा जुन्या माणसांनी पाहिला असेल. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमधून सुया टोचण्याची विद्या शिकून आले आणि ती त्यांनी कलकत्त्यात रुजवली. चिनी औषधविद्येशी आपली ओळख अशी जुनी आहे. पण ती सुयांची, मुळ्यांची नव्हे.

चिनी वैद्य सांधेदुखीला काय म्हणतात ते ऐकून गंमत वाटेल. त्यांचा शब्द आहे 'फेंग-शी'. फेंग म्हणजे वारा, शी म्हणजे ओल. वारा, गारठा आणि ओल अंगात शिरून वाट अडवतात, म्हणून सांधा धरतो, असे त्यांचे जुने शास्त्र सांगते. आपणही वातच म्हणतो आणि आपला आयुर्वेदही. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचे वेगळे प्रकरण आहे. दोन्ही देशांच्या वैद्यांनी दुखणे नीट पाहिले होते, यात शंका नाही. कारण मात्र त्यांना सापडणे शक्य नव्हते. वाऱ्याने हाड कुरतडले जात नाही.

ज्या मुळीचा बोभाटा झाला आहे तिचे चिनी नाव लेई-गोंग-तेंग. अर्थ होतो, मेघगर्जनेच्या देवाची वेल. दक्षिण चीनच्या डोंगरांत ती उगवते. तिकडचे शेतकरी तिची भुकटी पिकावरची कीड मारायला वापरत. ही गोष्ट पुडी विकणारा सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. पाने, फुले आणि मुळाची साल विषारी आहेत, ती खाऊन माणसे दगावलेली आहेत. साल काटेकोरपणे काढून आतला गाभा तेवढा औषधाला घेतात. १९७० च्या सुमारास चीनच्या डॉक्टरांनी तो आमवाताच्या रोग्यांना देऊन पाहिला, गुण दिसला, आणि पुढे त्याचा अर्क काढून मोजून मापून गोळ्या बनवल्या गेल्या.

या गोळ्यांची पारख कशी झाली हे महत्त्वाचे. अमेरिकेत १२१ रोग्यांवर एक चाचणी झाली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना या मुळाचा अर्क, निम्म्यांना सल्फासालाझिन हे नेहमीचे औषध. सहा महिन्यांनी अर्कवाल्यांपैकी शंभरांत ६५ जणांना ठरलेल्या मापाने निदान एक-पंचमांश सुधारणा झाली होती, सल्फासालाझिनवाल्यांत ३३ जणांना. आकडा मोठा आहे खरा. पण मध्येच औषध सोडून गेलेले दोन्हीकडे पुष्कळ होते. अर्कवाल्यांत शंभरांतले ६२ जणच शेवटपर्यंत टिकले, सल्फासालाझिनवाल्यांत ४१. मग चीनमध्येच २०७ रोग्यांवर दुसरी चाचणी झाली, ती २०१४ मध्ये छापून आली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, दुसऱ्याला मुळीचा अर्क, तिसऱ्याला दोन्ही. दुखणे-सूज निम्म्यावर आलेल्यांचे प्रमाण शंभरांत अनुक्रमे ४६, ५५ आणि ७७. यातली एक मेख सांगायला हवी. मेथोट्रेक्सेट आठवड्याला साडेबारा मिलिग्रॅमच दिले होते, ते पुष्कळ रोग्यांना कमी पडते. शिवाय कोण काय घेतो आहे हे डॉक्टरांना आणि रोग्यांना ठाऊक होते. तरीही, जी वेल नेहमीच्या औषधाच्या बरोबरीने उभी राहते, तिला भोंदूपणा म्हणून उडवून लावता येणार नाही.

पण आता दुसरी बाजू. हा अर्क गुण देतो तो वाट चुकलेल्या प्रतिकारशक्तीला दाबून. दाबताना तो बाकीचेही दाबतो. बायकांची पाळी पुढे-मागे होते आणि काहींची, विशेषतः चाळिशीकडे झुकलेल्यांची, कायमची बंद होते. पुरुषांचे शुक्रजंतू घटतात. ते इतके, की १९८० च्या दशकात चीनच्या शास्त्रज्ञांनी पुरुषांसाठी संततिनियमनाचे औषध म्हणूनही या वेलीचा अभ्यास केला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, यकृत आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते, पोट बिघडणे तर नेहमीचे. २०१२ साली चीनच्याच औषध प्रशासनाने बजावले की लहान मुले, गरोदर व पाजत्या स्त्रिया आणि ज्यांना अजून मूल हवे आहे अशांना हे औषध देऊ नये. आमवात होतो कोणाला? बहुतेक तरुण आणि मध्यमवयीन बायकांना. म्हणजे ज्यांना गरज, त्यांतल्या पुष्कळ जणींना हे औषध चालतच नाही. नव्या लग्नाच्या सुनेला सासूने मायेने पुडी चारली आणि पुढे पाळणा हलला नाही म्हणून तिलाच बोल लावला, असे आपल्या घरात घडता कामा नये.

येथे एक घरगुती गोष्ट. ही चिनी वेल आणि आपली मालकांगोणी एकाच कुळातल्या आहेत. मालकांगोणीचे तेल आपल्या आज्या दुखऱ्या सांध्याला चोळत आल्या आहेत. कोणी हे कुळ सांगून "आपल्याकडेही तीच आहे" म्हणत मालकांगोणीचे मूळ उकळून पाजू पाहील. कुळ एक म्हणून गुण एक होत नाही. बटाटा आणि धोतरा एकाच कुळातले आहेत, हे शाळेतली पोरे सांगतील. तेल बाहेरून चोळायला आमची हरकत नाही. ऊब मिळते, कोणी प्रेमाने हात दाबून देते, बरे वाटते. पण जखमेवर लावू नये आणि पोटात घेऊ नये.

चीनमध्ये आमवातावर आणखीही मुळ्या देतात. पांढऱ्या पिओनी फुलाच्या मुळाचा अर्क सौम्य आहे, त्याने जुलाब होतात एवढेच मुख्य. चिंग-फेंग-तेंग नावाची वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली आहे. तिच्यातून काढलेले द्रव्य तिकडे गोळी व इंजेक्शनातून देतात, त्याने अंगाला खाज व पुरळ उठू शकते. काही काढ्यांत बचनागाच्या जातीचे मूळ असते. बचनाग काय आहे ते आपल्या खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. चिनी वैद्य ते तासन्‌तास उकळून त्याचे विष उतरवतात, आणि उकळणे कमी पडले की हृदयाचे ठोके बिघडून रोगी दवाखान्यात येतो. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी असे कितीतरी रोगी नोंदवले आहेत. "झाडपाला आहे, अपाय होणार नाही" असे जे म्हणतात त्यांनी धोतरा, कण्हेर आणि बचनाग हेही झाडपालाच आहेत हे विसरू नये.

नावाच्या घोळानेही घात होतो. चीनमध्ये 'फांग-जी' नावाचे मूळ सांधेदुखीवर आणि अंगावरच्या सुजेवर देतात. पण त्या नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जात. १९९० च्या सुमारास बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात बायकांना गोळ्या दिल्या जात. त्यात एक फांग-जी घालायचे ते दुसरेच पडले. शंभराहून जास्त जणींची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हे सगळे युरोपातल्या शिकल्या-सवरल्या शहरात घडले, जिथे औषधाच्या बाटलीवर नाव लिहिलेले असते. आपल्या गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात पथारीवर मांडलेल्या मुळ्यांवर तर नावही नसते. विकणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. तोही गरीबच, पण मुळी कोणत्या डोंगरातून कोणी खणून आणली हे त्यालाही ठाऊक नसते.

आणि मुळीच नसेल तर? १९७५ साली अमेरिकेच्या डॉक्टरांनी हाँगकाँगच्या 'चुई-फोंग-तोउ-कू-वान' नावाच्या काळ्या गोळ्यांची हकिकत छापली. संधिवातावरचे निव्वळ चिनी झाडपाल्याचे औषध म्हणून त्या खपत. रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या तेव्हा तपास झाला, आणि गोळ्यांत जालीम इंग्रजी वेदनाशामके सापडली. आपल्याकडच्या 'वातपुड्यां'त हाच प्रकार स्टिरॉइडचा आहे. बाहेरून जडीबुटी, आतून डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन.

याची एक सोपी परीक्षा सांगतो, ती घरात सर्वांना सांगून ठेवा. आमवाताच्या मुळावर काम करणारे खरे औषध, मग ते मेथोट्रेक्सेट असो की चिनी वेलीचा अर्क, गुण द्यायला सहा ते बारा आठवडे घेते. म्हणून एखाद्या पुडीने दोन दिवसांत बोटे मोकळी झाली, भूक वाढली, अंगात हुशारी आली, तर आनंद मानू नका, संशय घ्या. थोड्या महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते, कातडी पातळ होऊन सहज काळे-निळे डाग पडतात, हाडे ठिसूळ होतात. आणि असे घडत असेल तर पुडी एकदम बंदही करू नका. महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलेल्या शरीराला ते अचानक तोडले तर जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, लाजू नका, दाखवा. तो हळूहळू उतरवील. "वात मुळापासून घालवतो" अशी जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने मनाई आहे. तशी पाटी दिसली की तिथून पुढे चालावे.

मग आपले आयुर्वेदाचे औषध? वाचक विचारतील, चिनी सोडा, घरचे काय? याचे उत्तर देणारे काम महाराष्ट्रातच झाले आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. भिगवणची पाहणी करणाऱ्या त्याच पुण्याच्या संस्थेने अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ आणि हळद यांच्या अर्काची गोळी आमवाताच्या १८२ रोग्यांवर १६ आठवडे तपासली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती हे रोग्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. निष्कर्ष २००० साली छापला गेला. खऱ्या गोळीने सांध्यांची सूज काहीशी जास्त उतरली. पण एकूण आराम पाहिला तर दोन्ही गटांत फार फरक निघाला नाही, कारण पोकळ गोळी घेणाऱ्यांनाही पुष्कळ बरे वाटले!

असे का व्हावे? एक तर हा रोग भरती-ओहोटीसारखा आहे. माणूस औषधाला जातो तो दुखणे कळसाला पोचल्यावर. त्यानंतर ते थोडे उतरणारच, गोळी खा किंवा न खा. दुसरे, कोणी आपली विचारपूस करतो, हात हातात घेऊन पाहतो, पुन्हा या म्हणतो, त्यानेच निम्मे दुखणे हलके होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे करत आलेल्या बाईला हे क्वचितच मिळते. म्हणून "अमक्या काकूला गुण आला" हे खोटे नसते, पण तो गुण पुडीचाच होता हे त्यावरून ठरत नाही. पोकळ गोळीशी ताडून पाहिल्यावाचून ते कोणालाच ठरवता येत नाही, वैद्याला नाही आणि एमडी डॉक्टरलाही नाही.

त्याच संस्थेने पुढे आयुर्वेदाच्या दुसऱ्या एका मिश्रणाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीशी तुलना केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. गुण जवळपास सारखा आला. मात्र हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवातावरच्या औषधांतले सर्वांत सौम्य. कोइमतूरलाही आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट यांची तुलना झाली आहे, २०११ मध्ये छापली, पण रोगी अवघे ४३. एवढ्यावरून कोणी गुढी उभारू नये आणि कोणी टिंगलही करू नये. आमचे मत असे की सौम्य आजारात, डॉक्टरांच्या नजरेखाली, असे औषध जोडीला घ्यायला हरकत नाही. सांधे भराभर सुजत असतील तर त्याच्या भरवशावर राहू नये.

गुळवेलीबद्दल वेगळे सांगतो, कारण करोनाच्या साथीत घरोघरी तिचा काढा झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांना कावीळ होऊन यकृत सुजलेले सहा रोगी आढळले, सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पती दुसरी असेल असे म्हटले. वाद चालू राहील. पण आमवात हा मुळात प्रतिकारशक्ती भडकल्याचा रोग आहे. त्यात 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकले जाणारे काहीही डॉक्टरला न विचारता घ्यावे कशाला? मेथोट्रेक्सेट चालू असताना तर नाहीच, कारण दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडतो.

आमच्या नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. एमबीबीएसची पदवी तेच देते आणि आयुर्वेदाचीही तेच देते. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेव्हा ज्यांना आयुर्वेदाचेच घ्यायचे आहे त्यांनी शिकलेल्या वैद्याकडे जावे, फिरत्या पुडीवाल्याकडे नव्हे. परवाना क्रमांक, घाणीचा म्हणजे बॅचचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि आतल्या वनस्पतींची नावे छापलेली असतील तेच औषध घ्यावे. आणि वैद्याला इंग्रजी गोळ्यांची व डॉक्टरला वैद्याच्या औषधाची चिठ्ठी दाखवावी. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवतात, तिथेच सगळा घोटाळा होतो.

सकाळी अर्धा-एक तास बोटे आखडत असतील आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलला जावे. ज्यांचे ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात दाखवावे. आर ए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी अशा रक्ताच्या तपासण्या सांगतात. आर ए फॅक्टर काही निरोग्यांतही येतो आणि काही रोग्यांत येत नाही, म्हणून नुसता कागद बघून घाबरू नये वा निर्धास्त होऊ नये. हात डॉक्टरने दाबून पाहिले पाहिजेत.

घरी करण्यासारखेही थोडे आहे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडझाप करावी. लाटणे, चमचा, विळी यांच्या मुठीला जुने कापड गुंडाळून ती जाड करावी, पकड सोपी होते. पाण्याची कळशी बोटांवर न उचलता दोन्ही तळहातांनी उचलावी, आणि घरात धडधाकट पोरगा असेल तर त्याला ती उचलायला शिकवावी! विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आमवात जास्त होतो आणि त्यांच्यावर औषधही कमी चालते. खाण्याचे म्हणाल तर आंबट बंद, डाळ बंद, बटाटा बंद असली पथ्ये कोणी सांगतात, त्यांना आधार नाही. डाळ सोडून आमच्या बाया आणखी अशक्त होतात. डाळ, अंडी, मासे परवडेल तसे खावे.

आता राहिली ती इंग्रजी गोळी. तिला लोक 'कॅन्सरची गोळी' म्हणून भितात. ती पहिल्यांदा रक्ताच्या कर्करोगासाठी आली हे खरे आहे. आंध्रातल्या भीमवरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली १९४० च्या दशकात अमेरिकेत ती आणि तिची भावंडे तयार झाली. आमवातासाठी देतात ती मात्रा कर्करोगाच्या मानाने अगदी लहान असते. अमेरिकेत १९८८ साली तिला या रोगासाठी मान्यता मिळाली आणि आज जगभर डॉक्टर पहिल्यांदा हाच उपाय सुरू करतात. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे, महाग नाही. तीही जहालच आहे, चिनी वेलीसारखी. फरक एवढा की तिच्या प्रत्येक गोळीत किती औषध आहे ते ठाऊक असते आणि रक्त तपासून ती कमी-जास्त करता येते. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्त, यकृत आणि मूत्रपिंड तपासावे लागते. ही तपासणी टाळू नये. दारू पिणाऱ्याने ती घेऊ नये, म्हणजे दारू सोडावी. दिवस राहायचे असतील तर डॉक्टरला आधी सांगून गोळी काही महिने अगोदर थांबवावी लागते, तिच्याऐवजी दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या मिळतात. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती तोंड येणे व मळमळ कमी करते.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतल्याने तोंडात फोड येऊन, रक्तातल्या पेशी संपून माणसे दगावली आहेत, आणि चूक बहुतेक वेळा चिठ्ठी नीट न वाचल्याची असते. डॉक्टरांकडून पाकिटावर वाराचे नाव मराठीत लिहून घ्यावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करावी. गोळी घेतली की खुणेवर काट मारावी. घरात वाचता न येणारे कोणी ती घेत असेल, तर तिचा डबा इतर गोळ्यांत न ठेवता सुनेने किंवा नातवाने आपल्याजवळ वेगळा ठेवावा.